एटीआरएक्स: जनुक एक्स गुणसूत्रावर, घोटाळा सोळाव्यावर

काचपट्टी (धागालेखक)

कर्करोगाच्या रिपोर्टांवरच्या धाग्यात दोघांनी विचारलं होतं की मेंदूच्या गाठीच्या बायॉप्सी रिपोर्टात 'एटीआरएक्स' म्हणून एक ओळ असते, ती काय भानगड आहे. तिथे दोन वाक्यांत उरकण्यासारखं ते प्रकरण नाही, म्हणून हा वेगळा धागा. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, संशोधक नाही. जनुकशास्त्रातली जाणकार मंडळी इथे आहेतच, त्यांनी भर घालावी.

गोष्ट मेंदूपासून सुरू होत नाही, रक्तापासून होते. 1981 साली ऑक्सफर्डच्या डेव्हिड वेदरॉल आणि सहकाऱ्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये उत्तर युरोपीय वंशाच्या काही मुलांबद्दल लिहिलं. मुलांची बौद्धिक वाढ खूपच मागे होती, आणि त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन एच सापडत होतं. हा नवा आजार म्हणायचा की विलक्षण योगायोग, असा प्रश्न लेखाच्या शीर्षकातच होता. (वेदरॉल थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजाराकडे वळले ते लष्करी सेवेत सिंगापूरला असताना, एका नेपाळी गुरखा सैनिकाच्या लेकीवर उपचार करता करता. त्या काळी त्यांच्या मायदेशात हा आजार फारसा कोणाच्या खिजगणतीतही नव्हता.)

आपल्या हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. अल्फा कमी पडल्या की उरलेल्या बीटा चार-चारच्या टोळ्या करतात, तेच हिमोग्लोबिन एच. अल्फाची जनुकं सोळाव्या गुणसूत्राच्या टोकाला, आईकडून दोन आणि वडिलांकडून दोन अशी चार. त्यातली तीन गेली की साधारण ही अवस्था येते. आग्नेय आशियात आणि भूमध्य सागराच्या काठी हे नवलाचं नाही. पण या मुलांच्या घराण्यात थॅलेसेमियाचा मागमूस नव्हता.

1990 पर्यंत उलगडलं की हे दोन वेगळे आजार आहेत. काही मुलांच्या सोळाव्या गुणसूत्राचं टोकच तुटलेलं होतं, तिथे कोडं संपलं. उरलेल्यांची अल्फा जनुकं मात्र चारही शाबूत, अक्षर न अक्षर बरोबर, तरी उत्पादन कमी. आणि हा दुसरा प्रकार मुलग्यांनाच होत होता, आईकडून येत होता (मुलग्याला एक्स एकच, तोही आईचा). म्हणजे दोष एक्स गुणसूत्रावर. 1995 मध्ये रिचर्ड गिबन्स, डग्लस हिग्ज वगैरे मंडळींनी ते जनुक शोधलं, तेच एटीआरएक्स.

एक्सवरच्या जनुकाने सोळाव्यावरच्या धडधाकट जनुकाचं उत्पादन का कमी करावं? पुढचं सगळं या प्रश्नाभोवती आहे.

आपल्या प्रत्येक पेशीत सुमारे 2 मीटर डीएनए असतो आणि तो काही मायक्रोमीटरच्या केंद्रकात मावतो. आठ हिस्टोन प्रथिनांच्या गठ्ठ्याभोवती डीएनएची साधारण 147 अक्षरं (ए, टी, जी, सी यांची माळ) गुंडाळलेली, की झाला एक न्यूक्लिओसोम. असे लाखो न्यूक्लिओसोम आणि त्यांच्यासोबतची प्रथिनं मिळून क्रोमॅटिन. हे गाठोडं बांधून ठेवून दिलं असं होत नाही. पेशीला कधी इथलं वाचायचं असतं, तिथलं दुरुस्त करायचं असतं, विभाजनाआधी सगळ्याचीच नक्कल काढायची असते. त्यासाठी एटीपीची ऊर्जा जाळून न्यूक्लिओसोम सरकवणारी, उचलणारी, बदलणारी प्रथिनं असतात. ती क्रोमॅटिनची पुनर्रचना करणारी प्रथिनं, आणि एटीआरएक्स त्यांच्यातलं एक.

अंगाने हे भलंमोठं, 2,492 अमिनो आम्लांचं. त्याच्या पुढच्या टोकाला एडीडी नावाचा भाग आहे, तो हिस्टोन एच3 ची शेपटी चाचपतो. नवव्या जागेच्या लायसिन या अमिनो आम्लावर तीन मिथिल गट (छोट्या रासायनिक खुणा) असतील आणि चौथ्या जागेवर एकही नसेल तर तो तिथे घट्ट बसतो. ही खूण सहसा मिटलेल्या, गप्प ठेवलेल्या डीएनएची. मागच्या बाजूला एटीपीवर चालणारी मोटर आहे, डीएनएवरून सरकणारी. मधल्या भागाला डॅक्स नावाचं दुसरं प्रथिन येऊन चिकटतं, आणि डॅक्सच्या हातात असतो एच3.3, म्हणजे एच3 चाच भाऊबंद, नेहमीच्या एच3.1 पेक्षा पाच अमिनो आम्लांनी निराळा.

हा फरक दिसतो तितका किरकोळ नाही. नेहमीचा एच3 डीएनएची नक्कल निघत असतानाच बसवला जातो. एच3.3 कधीही बसवता येतो. चालू जनुकांवर तो बसवायचं काम हायरा नावाची वेगळी यंत्रणा करते. एटीआरएक्स आणि डॅक्सची जोडी तो बसवते ती गुणसूत्रांच्या टोकांना (टेलोमिअर), सेंट्रोमिअरच्या (गुणसूत्राच्या कमरेच्या) आजूबाजूला, आणि जिथे तीच तीच अक्षरं पुन्हा पुन्हा येतात अशा पट्ट्यांवर. हे 2010 च्या सुमाराला दोन-तीन प्रयोगशाळांनी जवळपास एकाच वेळी दाखवलं.

माझ्या मते या प्रथिनाबद्दल वाचताना पहिली गफलत इथेच होते. 'हे कोणतं जनुक चालू करतं?' असं आपण विचारतो. खरं तर पुनरावृत्तीच्या अडचणीच्या पट्ट्या नीट बांधून ठेवणं ही त्याची मुख्य नोकरी दिसते. जनुकांवरचे परिणाम त्या नोकरीत खंड पडल्यावर आजूबाजूला उमटतात.

बाकी प्रतिसादांत.

निवांत_वाचक: वाचतोय

+1. शाळेत डीएनए म्हणजे पिळाची शिडी एवढंच शिकवलं होतं. ती गुंडाळलेली असते आणि गुंडाळणाऱ्यांचीही एक जमात असते हे आज कळलं.

रंकाळाकाठ: मांजा

म्हणजे फिरकीवर मांजा गुंडाळलेला असतो तसं, आणि हे महाशय फिरकी धरणारे? ढील द्यायची की आवळायची ते यांच्या हातात?

काचपट्टी: रंकाळाकाठ

चालेल, पण अर्ध्या वाटेपर्यंतच. फिरकी एकच असते, इथे अब्जावधी अक्षरांवर लाखो फिरक्या आहेत आणि एटीआरएक्स त्यातली फिरकीच बदलून वेगळ्या बनावटीची बसवतं. शिवाय फिरकी धरणारे बरेच आहेत. एसडब्ल्यूआय/एसएनएफ, आयएसडब्ल्यूआय, सीएचडी, आयएनओ80 अशी घराणी आहेत. न्यूक्लिओसोम ढकलण्यात त्यातली काही एटीआरएक्सपेक्षा कितीतरी तरबेज. एकट्या एटीआरएक्सला परीक्षानळीत ठेवलं तर ते त्या कामात फार चमक दाखवत नाही. त्याचं वजन डॅक्ससोबत आहे.

उपद्व्यापी: पटलं नाही

लेख छान, पण मूळ कोडं सुटलंच नाही. गुणसूत्रांची टोकं सगळ्या पेशींत असतात. पुनरावृत्तीच्या पट्ट्या जिनोमभर पसरलेल्या आहेत. मग हे प्रथिन बिघडल्यावर शरीरभर हाहाकार व्हायला हवा. नेमकी अल्फा ग्लोबिनच का? बीटाने काय पुण्य केलं होतं? आणि तोच दोष असलेल्या दोन भावांत एकाच्या रक्तात एच भरपूर आणि दुसऱ्याच्यात जवळपास नाही असं होतं म्हणे. ते कसं?

पेट्रीडिश: उपद्व्यापी यांस

मी हिस्टोनच्या प्रयोगशाळेत काम करतो (एटीआरएक्सवर नाही, शेजारच्या गल्लीत). शेवटच्या प्रश्नातच पहिल्याचं उत्तर आहे.

अल्फा ग्लोबिनच्या जनुकांजवळ जी आणि सी अक्षरांनी भरलेली एक पट्टी आहे, तीच तीच अक्षरं एकामागोमाग. त्या पट्टीची लांबी माणसामाणसांत वेगळी असते. 2010 मध्ये हिग्ज-गिबन्स यांच्या गटाने दाखवलं की एटीआरएक्स त्या पट्टीवर जाऊन बसतं, आणि ते नसलं तर पट्टी जितकी लांब तितकं शेजारचं अल्फा जनुक जास्त दबतं. भावांमध्ये एटीआरएक्सचा दोष तोच असला तरी सोळाव्या गुणसूत्राच्या प्रती वेगवेगळ्या आलेल्या असू शकतात, त्यामुळे पट्टीची लांबीही वेगळी. बीटा ग्लोबिन अकराव्या गुणसूत्रावर आहे, तिच्या शेजारी अशी जी-सीची पट्टी नाही. म्हणून ती सुटली.

मला हा निष्कर्ष फार आवडतो, कारण इथे आजाराची तीव्रता ठरते ती ना दोषी जनुकावर, ना दबलेल्या जनुकावर, तर तिसऱ्याच एका पट्टीवर, जिला पूर्वी लोक बिनकामाची समजत.

जी-बहुल पट्ट्यांची अडचण अशी की दोन धागे सुटे झाले की त्यातला एक स्वतःवरच दुमडून चार पदरी घडी घालतो. तिला जी-क्वाड्रुप्लेक्स म्हणतात. एकदा घडी बसली की नक्कल काढणारी यंत्रं तिथे अडतात. टेलोमिअरवर टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं हजारो वेळा येतात, म्हणजे तिथेही तोच धोका. एटीआरएक्स तिथला डीएनए एच3.3 वर बांधून ठेवतं तेव्हा घडी पडायची संधी कमी होते, असं चित्र आज मान्य आहे.

हाहाकार व्हायला हवा म्हणालात, तो होतोच. उंदराच्या भ्रूणातून हे जनुक पूर्ण काढलं तर भ्रूण जगत नाही, वारेचा भाग नीट तयार होत नाही. फक्त पुढच्या मेंदूतून काढलं तर मेंदूचा बाह्यस्तर आणि हिप्पोकॅम्पस (आठवणींशी निगडित भाग) लहान राहतात, कारण विभाजन होणाऱ्या पेशी डीएनएच्या तुटफुटीने मरतात. माणसात जी मुलं जन्माला येतात त्यांच्यात प्रथिन पूर्ण गायब नसतं, मोडकंतोडकं शिल्लक असतं. निम्म्याच्या आसपास दोष एडीडी भागात असतात, बरेचसे मोटरच्या भागात.

अवांतर: कांगारूंच्या कुळातल्या वॉलबीमध्ये या जनुकाची एक प्रत वाय गुणसूत्रावरही आहे, एटीआरवाय. ती वृषणांत काम करते. माणसात एटीआरएक्स बिघडलेल्या बहुतेक मुलग्यांच्या जननेंद्रियांच्या घडणीत दोष दिसतात, त्याच्याशी हे जुळतं.

उपद्व्यापी: आता पटलं

आणि ती पट्टी बिनकामाची ठरवणाऱ्यांचा निषेध नोंदवून ठेवा.

दिवाभीत: रिपोर्ट

त्या धाग्यात विचारणाऱ्या दोघांतला एक मीच. माझ्या मेव्हण्याचं दोन महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालं. वय 34. रिपोर्टात लिहिलंय: अ‍ॅस्ट्रोसायटोमा, आयडीएच म्युटंट, ग्रेड 3, आणि खाली 'एटीआरएक्स: लॉस ऑफ न्यूक्लिअर एक्स्प्रेशन'. घरात सगळ्यांनी 'लॉस' शब्दाचा धसका घेतला आहे. बहिणीने नेटवर वाचलं की एटीआरएक्स गेलं की पेशी अमर होतात. हे वाईट आहे का, एवढंच सांगा.

काचपट्टी: दिवाभीत

बहिणीला सांगा, ती ओळ आजार किती वाईट आहे ते सांगण्यासाठी लिहिलेली नसते. गाठ कोणत्या जातीची आहे ते ठरवण्यासाठी ती चाचणी केली जाते.

आयडीएच जनुकात बदल असलेल्या मोठ्या माणसांच्या ग्लायोमा गाठींचे (मेंदूतल्या आधारपेशींच्या गाठींचे) मुख्य दोन प्रकार. ऑलिगोडेंड्रोग्लायोमामध्ये पहिल्या गुणसूत्राचा एक आणि एकोणिसाव्याचा एक हात गळलेला असतो, आणि तिथे एटीआरएक्स बहुधा जागेवर असतं. अ‍ॅस्ट्रोसायटोमामध्ये ते हात शाबूत असतात आणि एटीआरएक्स बहुधा गेलेलं असतं. सूक्ष्मदर्शकाखाली दोघं कधी कधी इतके सारखे दिसतात की अनुभवी लोकांमध्येही मतभेद होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या वर्गीकरणापासून रेण्वीय खुणा निदानाच्या नावातच आल्या, आणि 2021 च्या आवृत्तीत ते आणखी पक्कं झालं. आयडीएच बदललेलं आणि एटीआरएक्स स्पष्ट गेलेलं असेल तर अ‍ॅस्ट्रोसायटोमा म्हणायला गुणसूत्रांच्या हातांची वेगळी तपासणी करावीच लागते असं नाही. आपल्याकडे याला महत्त्व आहे, कारण ती हातांची तपासणी (फिश, म्हणजे चमकत्या खुणा लावून गुणसूत्र पाहणं) महाग पडते आणि सगळीकडे होत नाही. एटीआरएक्सचा रंग मात्र मेणाच्या ठोकळ्यातल्या पातळ कापावर होतो, जिथे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीची (कापातलं ठराविक प्रथिन रंगवून दाखवण्याची) सोय आहे तिथे कुठेही.

रंग वाचण्याची एक खुबी आहे. निरोगी केंद्रकं तपकिरी दिसतात. गाठीच्या पेशींची केंद्रकं निळी राहिली तर एटीआरएक्स गेलं असं म्हणायचं, पण त्याच कापात रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी तपकिरी दिसायला हव्यात. त्याही निळ्या असतील तर रंगच लागलेला नाही, गाठीबद्दल काही बोलायचं नाही. मेलेल्या भागात तर अजिबात वाचायचं नाही. घाईत वाचलेल्या कापांवरून चुकीचा 'लॉस' लिहिला जाणं हा पॅथॉलॉजीतला जुना रोग आहे, म्हणून हे विस्ताराने लिहिलं.

मेव्हण्यांच्या बाबतीत पुढचं ज्यावर अवलंबून आहे त्या गोष्टी म्हणजे ग्रेड, किती गाठ काढता आली, सीडीकेएन2ए/बी ही जनुकं दोन्ही प्रतींतून गेली आहेत का (गेली असतील तर ग्रेड 4 धरतात), वय, आणि रेडिएशन-केमोला मिळणारा प्रतिसाद. आयडीएच म्युटंट असणं ही आयडीएच न बदललेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या (जास्त आक्रमक गाठीच्या) तुलनेत बरी बाजू आहे. उपचारांचं त्यांच्या ऑन्कॉलॉजिस्टशीच बोला, फोरमवर नको.

दिवाभीत: आभार

आज बहिणीला वाचून दाखवतो. सीडीकेएनचं विचारायला हवं, रिपोर्टात दिसत नाही.

उपद्व्यापी: थांबा थांबा

अमर होण्याचं राहिलंच की. एटीआरएक्स गेलं की पेशी अमर होत असतील, तर जी मुलं जन्मतःच बिघडलेलं एटीआरएक्स घेऊन येतात त्यांना लहानपणीच जागोजागी कर्करोग व्हायला हवेत. होतात का?

पेट्रीडिश: अमरत्व

तसं सरसकट होत नाही. ऑस्टिओसार्कोमाची (हाडाच्या कर्करोगाची) मोजकी उदाहरणं नोंदली गेली आहेत, पण त्या जन्मजात आजाराचं मुख्य चित्र कर्करोगाचं नाही. कारण समजायला टेलोमिअरकडे जावं लागतं.

प्रत्येक विभाजनात टेलोमिअर थोडं झिजतं, साधारण 50 ते 200 अक्षरं. झिजत झिजत फार आखूड झालं की पेशी विभाजन थांबवते. कर्करोगाच्या पेशीला हे चालत नाही. बहुतेक कर्करोग टेलोमरेज हे एन्झाइम पुन्हा चालू करून टेलोमिअर लांबवतात. 10 ते 15 टक्के कर्करोग मात्र टेलोमरेज वापरतच नाहीत. ते एका टेलोमिअरवरची अक्षरं नमुना म्हणून घेऊन दुसरं लांबवतात, डीएनए-दुरुस्तीचीच यंत्रणा वापरून. याला एएलटी म्हणतात, टेलोमिअर लांबवण्याची पर्यायी वाट.

2011 मध्ये दोन गोष्टी लागोपाठ आल्या. स्वादुपिंडाच्या न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या) गाठींच्या तपासणीत 43 टक्के गाठींत एटीआरएक्स किंवा डॅक्स बिघडलेलं निघालं. आणि त्याच काळात दिसलं की ज्यांच्यात ही दोन प्रथिनं बिघडतात त्या गाठींचे टेलोमिअर एएलटीच्या वाटेने लांबलेले असतात. पुढच्या वर्षी लहान मुलांच्या ग्लायोमांमध्ये खुद्द एच3.3 च्याच जनुकात बदल सापडले, आणि त्यातल्या एका प्रकारात एटीआरएक्सही हटकून गेलेलं. म्हणजे हिस्टोन, तो वाहून आणणारा आणि बसवणारा, तिघंही एकाच गुन्ह्याच्या ठिकाणी.

यू2ओएस नावाच्या हाडाच्या कर्करोगाच्या पेशी प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं वाढवल्या जातात. त्यांच्यात एटीआरएक्स नाही आणि एएलटी जोरात आहे. 2015 मध्ये त्यांच्यात एटीआरएक्स परत घातलं तर एएलटीची लक्षणं ओसरली. उलट, साध्या पेशीतून एटीआरएक्स नुसतं काढून टाकलं तर एएलटी सुरू होतंच असं नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: एटीआरएक्स हा एएलटीला अडवणारा एक अडसर आहे. अडसर काढला म्हणून कोणी दार उघडून आत येतंच असं नाही, आधीचे बाकीचे बिघाडही लागतात. ग्लायोमामध्ये आयडीएच आणि पी53 (गाठी रोखणारं जनुक) आधीच बिघडलेले असतात.

आणि एकच 'लॉस' दोन अवयवांत उलट अर्थाचा निघू शकतो. मेंदूत तो आयडीएच म्युटंट गाठीची, म्हणजे तुलनेने बऱ्या गटाची खूण ठरतो. स्वादुपिंडाच्या त्या गाठींत एटीआरएक्स किंवा डॅक्स गेलेलं असलं तर गाठ पसरण्याची शक्यता जास्त धरतात. म्हणून रिपोर्टातली ओळ सुटी काढून नेटवर शोधू नये, असं मला वाटतं.

सहजच_सुचलं: एपिजेनेटिक्स

हे सगळं वाचून एकच वाटतं. हिस्टोनवरच्या खुणा बदलतात म्हणजे जनुकं हे विधिलिखित नाही. सकारात्मक विचार आणि ध्यानाने आपण आपलं क्रोमॅटिन बदलू शकतो असं विज्ञानानेच सिद्ध केलंय ना?

पेट्रीडिश: नाही

ध्यान जरूर करा, झोप चांगली लागते. पण एटीआरएक्सचा एडीडी भाग बिघडला की तो नवव्या लायसिनची खूण वाचूच शकत नाही, आणि ती खूण कुणाच्या विचारांकडे पाहत नाही. या धाग्यात चाललेली गोष्ट म्हणजे एक प्रथिन, एक हिस्टोन आणि एक पट्टी यांची रोखठोक रसायनशास्त्राची गोष्ट आहे. आजारी मुलांच्या आईबापांना 'तुम्ही सकारात्मक राहिला नाहीत' असं सुचवणारी वाक्यं त्यात कृपया नकोत.

सहजच_सुचलं: ठीक

तसा हेतू नव्हता. वाचनमात्र होते.

जाईजुई: माझा भाचा

खूप दिवस नुसती वाचतेय, आज लिहिते. माझ्या भाच्याला (वय 6) एक्सोम तपासणीत (सगळी जनुकं वाचणारी तपासणी) एटीआरएक्सचा दोष सापडला आहे. बोलत नाही, आधाराने उभा राहतो, जेवणाचे फार हाल, मधूनच चार-चार दिवस काही तोंडात घेत नाही. हसरा मात्र खूप. गेली तीन वर्षं त्याला रक्त कमी म्हणून लोहाचं औषध चालू होतं. माझे प्रश्न चार. ते लोह द्यायचं का? माझ्या बहिणीला पुन्हा मूल हवं असेल तर काय? आणि मी स्वतः, माझ्या मुली, आम्हाला काही धोका आहे का? जपानमध्ये यावर औषध निघालं असं कोणीतरी सांगितलं, ते खरं का?

वंशवेल: जाईजुई ताई

मी जनुकीय समुपदेशनाचं काम करते. एकेक घेऊ.

लोहाचं आधी. या मुलांमध्ये लाल पेशी लहान दिसतात त्या अल्फा साखळी कमी पडल्यामुळे, लोह कमी आहे म्हणून असतीलच असं नाही. फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप) तपासून खरोखर कमी असेल तरच लोह. नुसता एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) कमी दिसला म्हणून वर्षानुवर्षं देत राहू नये. सहसा यांचा रक्ताचा त्रास सौम्य असतो, रक्त चढवायची वेळ क्वचितच येते. शिवाय आपल्याकडे, विशेषतः आदिवासी समाजांत, सौम्य अल्फा थॅलेसेमिया मुळातच बराच आढळतो. त्यामुळे एमसीव्ही कमी दिसला की लोहाची बाटली, ही सवय आपल्याकडे जरा जास्तच महागात पडते.

जेवणाच्या हालांमागे बऱ्याचदा अन्न उलट वर येणं, बद्धकोष्ठता आणि पोटदुखी असते. मूल सांगू शकत नाही म्हणून ते 'हट्ट' वाटतं. पोटविकाराच्या बालतज्ज्ञांना दाखवाच. अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोकाही असतो.

बहिणीची आधी तपासणी हवी. ती वाहक असेल तर प्रत्येक गर्भारपणात मुलगा झाल्यास त्याला आजार होण्याची शक्यता निम्मी, मुलगी झाल्यास ती वाहक असण्याची शक्यता निम्मी. ती वाहक नसली तरी काही स्त्रीबीजांत दोष असू शकतो, म्हणून गर्भाची तपासणी सुचवतात. लिंगनिवडीविरोधी कायद्यामुळे अशी तपासणी होत नाही असा समज आहे, तो बरोबर नाही. 1994 च्या केंद्रीय कायद्यात लिंगाशी जोडलेल्या आनुवंशिक आजारांच्या निदानाला नोंदणीकृत केंद्रात परवानगी आहे. कागदपत्रं नीट हवीत, आणि कुटुंबातला नेमका दोष आधी माहीत हवा. तो तुमच्याकडे आहे, म्हणजे निम्मं काम झालं.

तुमच्याबद्दल: बहीण वाहक निघाली तर आधी तुमच्या आईची तपासणी, मग तुमची. वाहक बायका सहसा पूर्ण निरोगी असतात. बायकांच्या प्रत्येक पेशीत दोन एक्सपैकी एकच चालू असतो. वाहकांमध्ये दोषी एक्स जिथे चालू असतो त्या पेशी मागे पडतात आणि चांगला एक्स चालू असलेल्याच उरतात. हे रक्ताच्या तपासणीत दिसतंही. तुमच्या मुलींची तपासणी त्या सज्ञान झाल्यावर, त्यांच्या मर्जीने. आता घाई नाही.

पेट्रीडिश: जपानचं औषध

वंशवेल यांनी सोडलेला प्रश्न घेतो. 2018 मध्ये जपानी गटाने उंदरांवरचं काम प्रसिद्ध केलं. एटीआरएक्स बिघडलेल्या उंदरांना त्यांनी 5-एएलए हा छोटा रेणू दिला. शरीरात त्यापासून पॉर्फिरिन नावाचे रेणू तयार होतात आणि ते वर सांगितलेल्या चार पदरी घड्यांना चिकटतात. त्या उंदरांची शिकण्याची क्षमता सुधारली. कल्पना मला तर्कशुद्ध वाटते. पण तो उंदीर आहे, आणि जन्माआधीच लहान राहिलेला मेंदू औषधाने मोठा होत नाही. इंटरनेटवरून पावडर मागवून भाच्याला देऊ नका, हे मुद्दाम लिहितो कारण लोक मागवतात.

दिवाभीत: अवांतर

5-एएलए? मेव्हण्याच्या ऑपरेशनआधी सर्जननी हेच नाव घेतलं होतं. प्यायला देतात आणि गाठ चमकते म्हणाले. तेच का हे?

काचपट्टी: दिवाभीत

तेच. गाठीच्या पेशींत त्यापासून पॉर्फिरिन साठतं आणि निळ्या उजेडात ते गुलाबी-लाल चमकतं, म्हणजे गाठीची कड सर्जनला दिसते. वरच्या ग्रेडच्या गाठींत जास्त उपयोगी. त्याचा एटीआरएक्सशी संबंध नाही, रेणू तेवढा एक.

जाईजुई: सर्वांना

तीन वर्षांत एवढं कोणी समजावलं नव्हतं. फेरिटिन उद्याच करून घेतो. वंशवेल, तुम्हाला व्यक्तिगत निरोप केला आहे.

उपद्व्यापी: शेवटची शंका

जन्मतः बिघडलं तर एक आजार, गाठीत बिघडलं तर दुसरा. म्हातारपणी रक्ताच्या मूळपेशीत बिघडलं तर?

काचपट्टी: उपद्व्यापी

हा तर तिसराच आजार, आणि माझा आवडता. मायलोडिस्प्लाझिया (अस्थिमज्जेत रक्तपेशी नीट न बनण्याचा आजार) झालेल्या काही वयस्कांत, बहुतेक पुरुषांत, अचानक हिमोग्लोबिन एच दिसू लागतं. आयुष्यभर नव्हतं ते सत्तरीत कुठून आलं? 2003 मध्ये गिबन्स यांच्याच गटाने दाखवलं की अस्थिमज्जेतल्या त्या पेशींत एटीआरएक्स नव्याने बिघडलेलं असतं. गंमत म्हणजे जन्मतः असलेल्या दोषापेक्षा इथे अल्फाची टंचाई कितीतरी जास्त तीव्र असते, तोच बदल असला तरी.

ओळखायची खूण सोपी आहे. मायलोडिस्प्लाझियात लाल पेशी सहसा मोठ्या असतात. अशा रुग्णाचा एमसीव्ही लहान आला आणि लोह ठीक असेल तर ब्रिलियंट क्रेसिल ब्लूचा रंग करून बघावा. रेटिक्युलोसाइट (नव्या लाल पेशी) मोजायला वापरतात तोच, फक्त जास्त वेळ उबवायचा. एच असलेल्या पेशी बारीक निळ्या ठिपक्यांनी भरलेल्या दिसतात. एचपीएलसीच्या (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या तपासणीच्या) आलेखातही एच अगदी सुरुवातीलाच, पहिल्या मिनिटाच्या आत उभा राहतो. पण आलेखाचा तो भाग पुष्कळ प्रयोगशाळांत कोणी बघत नाही, कारण सगळ्यांचं लक्ष पुढे हिमोग्लोबिन ए2 कडे, बीटा थॅलेसेमियाच्या शोधात. इथले लॅबवाले वाचत असतील तर त्यांनी जुने आलेख एकदा डावीकडून पाहावेत.